खरखर

दुपारी वाटाण्याच्या शेंगा सोलता सोलता सुपरवायझरबाईंनी आपल्या मुलीचं हसणं ऐकलं आणि त्यांचा अंगठा शेंगेतच थांबला. हसणं मोठं नव्हतं. बंद दाराआडचं, पण मोकळं, पोटातून आलेलं. अकरा वर्षांत ह्या घरात असं कुणी हसलं नव्हतं. नवऱ्याचं घर सोडून ही धाकटी परत आली तेव्हापासून ती हसायची ती फक्त दातांनी. ओठ मागं घ्यायची, दात दाखवायची, संपलं. आज हसण्याच्या पाठोपाठ तिचा आवाज आला, कुणाशी तरी कॉम्प्युटरवरून बोलत होती. "एक तारखेपासून येऊ शकते. नाही, घरचं तसं काही अडत नाही. आई आहे, पण तिचं तिला करता येतं." मग पुढच्या शुक्रवारी अकरा वाजता मुलाखत, तोवर कागद पाठवते, आणि तुमच्याकडे थंडी फार असते का, असं काहीबाही. बाईंनी शेंग पुरती उकलली. आत पाच दाणे होते, त्यातला एक किडका. किडका त्यांनी नखानं उडवला आणि चार वाडग्यात टाकले. तिचं तिला करता येतं. हे चार शब्द त्यांनी तोंडातल्या तोंडात फिरवून पाहिले, दाढेखाली खडा आला की जीभ जशी त्याच्याभोवती फिरते तसे. बोलण्यात खोटं काही नव्हतं. बाईंचं वय एकोणसत्तर, गुडघे धड, डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, स्वयंपाक त्या करत, बिलं त्या भरत, तिसऱ्या मजल्यापर्यंत पिशव्या त्याच चढवत. खोटं असतं तर त्यांना इतकं लागलं नसतं.

सुपरवायझरबाई हे नाव त्यांना जिन्यावरच्या लोकांनी दिलेलं. नोकरी सुटून अकरा वर्षं झाली तरी नाव सुटलं नव्हतं, आणि सुटू नये अशीच बाईंची वागणूक होती. टेलिफोनच्या एक्स्चेंजमध्ये एकोणीस वर्षं त्या बोर्डावर बसल्या आणि पुढची सारी बोर्डावरच्या मुलींच्या पाठीमागे, उंच खुर्चीवर. लांब दालन, भिंतीला भिडवलेला बोर्ड, त्याच्यासमोर चौदा मुली, कानाला हेडफोन, हातात दोऱ्या. एक दोरी उचलायची, भोकात घालायची, दोन घरं जोडली गेली. काढायची, तुटली. सुपरवायझरच्या टेबलावर एक बटण होतं, ते दाबलं की कुठल्याही मुलीच्या लाइनीवर कान लावता यायचा. गिऱ्हाइकाशी उद्धट बोलतात का हे पाहण्यासाठी ते बटण होतं. बाईंनी ते त्यासाठीही वापरलं. तीन मिनिटं झाली की बोलणं तोडायचा नियम होता, आणि बाकीच्या सुपरवायझर वाक्य पुरं होईपर्यंत थांबायच्या. बाई थांबत नसत. एकदा बोर्डावरची एक नवी मुलगी रडत म्हणाली होती की पलीकडचा माणूस आपल्या भावाला बाप गेल्याचं सांगत होता, अर्ध्या शब्दावर कसं तोडायचं. बाई म्हणाल्या होत्या, गेलेला काही चौथ्या मिनिटाला परत येत नाही. दालनात कुणीतरी हसलं होतं, भीतीनं. ते हसूही बाईंनी लक्षात ठेवलं आणि महिनाभरानं त्या हसणारीला सकाळच्या पाळीवरून काढून रविवारच्या पाळीवर टाकलं.

दोन महिन्यांपूर्वी घरात नवा राऊटर बसवायला वायरवाला आला होता. पन्नाशीचा, एका गुडघ्यानं अधू, प्रत्येक वेळी खाली बसताना "आई गं" म्हणणारा. धाकटी तेव्हा बाजारात गेली होती. बाईंनी एक्स्चेंजचं नाव काढल्याबरोबर त्याचा चेहरा बदलला. त्याची मोठी बहीण म्हणे कुठल्याशा एक्स्चेंजमध्ये बोर्डावर होती. मग त्यानं हौसेनं बाईंच्या फोनवर राऊटरचं ॲप घालून दिलं. ही बघा मावशी, घरात जी जी यंत्रं नेटला जोडलेली आहेत त्यांची यादी. हा टीव्ही, हा तुमचा फोन, हा ताईंचा फोन, हा ताईंचा कॉम्प्युटर. एखाद्याचा वेग कमी करायचा तर त्याच्या नावावर बोट ठेवायचं आणि ही पट्टी मागं ओढायची. नातवंडं येतात, दिवसभर गेम खेळत बसतात, ओरडून ऐकत नाहीत. मग हे असं करायचं, पोरं आपोआप कंटाळून उठतात. बाईंना नातवंडं होती, थोरलीची दोन, पण ती परदेशी, त्यांच्या आईसारखीच, पंधरवड्यातून एकदा पडद्यावर यायची आणि मागं कुणीतरी हाक मारली की पळायची. बाईंनी ती पट्टी मागंपुढं ओढून पाहिली. त्यांच्या अंगठ्याला ती ओळखीची वाटली. चारच ओळी होत्या यादीत, पण बोर्ड होता तो.

त्या मंगळवारी चार वाजून दहा मिनिटांनी, धाकटी अंघोळीला गेली असताना, बाईंनी वाटाण्याचे हात पुसले, फोन उघडला आणि धाकटीच्या कॉम्प्युटरची पट्टी मागं ओढली. एकदम शेवटाला नेली नाही. शून्यापासून बोटभर अलीकडे थांबवली. हे का, ते त्यांना विचार न करता ठाऊक होतं. बोलणं तोडलं तर माणूस चिडतो, पुन्हा नंबर लावतो, तक्रार करतो. खरखर केली तर माणूस आधी स्वतःचाच आवाज चढवतो, मग तेच तेच पुन्हा सांगतो, मग दमतो, आणि शेवटी आपल्याच हातानं रिसीव्हर ठेवून देतो. आणि ठेवताना पलीकडच्याची माफी मागतो.

बुधवारी सकाळपासून धाकटीचं काम अडायला लागलं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बोलून ठेवलेल्या नोंदी ऐकून टाइप करायच्या, हे तिचं काम. ध्वनीच्या फायली उतरवून घ्यायच्या, टाइप झालेलं परत पाठवायचं. एक फाइल उतरायला आधी पाव मिनिट लागे, आता वीस मिनिटं. तिनं कॉम्प्युटर बंद करून चालू केला. राऊटर बंद करून चालू केला. वायर काढून फुंकर मारून पुन्हा घातली. दुपारी ती टेबलाखाली पालथी झोपून भिंतीतली खोबण टॉर्चनं पाहत होती आणि तिच्या उघड्या टाचा बाईंना दारातून दिसत होत्या, भेगाळलेल्या, चाळिशीच्या बाईच्या टाचा. ह्या टाचा एकदा एका मुठीत मावत होत्या असं बाईंच्या मनात आलं, आणि त्यांनी लिंबाच्या सरबताचा पेला टेबलावर ठेवला. धाकटी खालूनच म्हणाली की फोनवर नेट धावतंय, टीव्हीवर धावतंय, फक्त ह्याच मशीनला काय झालंय कळत नाही. बाई म्हणाल्या, मशीन जुनं झालं असेल. जुनं झालं की सगळ्यांचंच असं होतं.

गुरुवारी तिनं नवी वायर आणली. शुक्रवारी टेबलच उचलून राऊटरजवळ, बाहेरच्या खोलीत आणलं. एकटीनं, एक एक पाय पुढं सरकवत. बाई बाजूला उभ्या राहून भिंतीचा रंग सांभाळ म्हणत होत्या. तिथंही तेच. तिनं टीव्ही बंद केला, स्वतःचा फोन बंद केला, बाईंचा फोनही दोन मिनिटं मागून बंद केला. बाईंनी तो शांतपणे दिला. बंद फोनाच्या काळ्या काचेत त्यांना स्वतःचा चेहरा दिसला, आणि तो त्यांना वाटला त्यापेक्षा बराच तरुण दिसला. फोन बंद होता तरी पट्टी ओढलेलीच राहते, ती राऊटरच्या पेटीच्या आत असते, फोनात नाही. धाकटीनं मशीनमधले विषाणू शोधले, प्रोग्राम काढून टाकले, पुन्हा घातले. शनिवारी सगळं पुसून मशीन कोरं केलं, आणि त्यात तिचे जुने फोटो गेले. कुठंतरी दुसरीकडे ठेवले आहेत असं तिला वाटत होतं, ते नव्हते. ती ओट्याशी येऊन पाणी प्यायली आणि म्हणाली, बाबांचे शेवटचे फोटो होते त्यात. बाई भात पाहत होत्या. त्यांनी झाकण ठेवलं. साप साप म्हणून भुई धोपटणं म्हणतात ते त्यांनी आजवर नुसतं ऐकलं होतं. आता घरात चार दिवस चाललं होतं, आणि साप चुलीपाशी उभा राहून भाताला वाफ आली का ते बघत होता. वाईट वाटलं का? वाटलं. पण फोटोंबद्दल वाटलं. आपण एका बाजूला आणि घडतंय ते दुसऱ्या बाजूला, मध्ये काच, असं काहीतरी होतं, आणि काचेतून आवाज येत नाही.

नवऱ्याच्या फोटोंवरून त्यांना नवराच आठवला. नकाशे काढणाऱ्या कचेरीत तो ड्राफ्ट्समन होता. बोटांना कायम शाई, बोलणं कमी. घरात तो इतका हळू चालायचा की बाई म्हणायच्या, घंटा बांधा गळ्यात. एका दुपारी, बाई सुपरवायझर होऊन वर्ष झालं असेल, त्यांनी बोर्डावर नकाशाकचेरीचा दिवा लागलेला पाहिला आणि सहज बटण दाबलं. नवराच होता. पलीकडे एक बाई होती, दुसऱ्या गावची, त्याच्याच शाळेतली असावी. वाईट असं काहीच नव्हतं. तो तिला सांगत होता की त्याच्या टेबलापुढच्या खिडकीवर रोज एक कबूतर येतं आणि ते चालताना हेडक्लार्कसारखं दिसतं. पलीकडची हसली. मग तो हसला. बाईंनी आपल्या नवऱ्याचं हसणं लग्नानंतर पंधरा वर्षांनी तिथं, हेडफोनमध्ये, पहिल्यांदा ऐकलं. प्रेमाचं काही बोलला असता तर त्यांनी जोडणी तोडली असती, घरी जाऊन भांडल्या असत्या, कदाचित रडल्याही असत्या. पण कबुतराचं काय करायचं? ते कबूतर त्यानं त्यांना कधी सांगितलं नव्हतं. त्यांनी उठून बोर्डावरच्या मुलीला चहाला पाठवलं, तिच्या जागी बसल्या, आणि दोरीचं टोक भोकात किंचित ढिलं करून बोटांनी हलवत राहिल्या. ऐकू येतंय का, तो म्हणाला. पुन्हा म्हणाला. कबूतर, कबूतर म्हणतोय मी, क कमळातला. त्याचा आवाज चढत चढत अगदी केविलवाणा झाला, आणि मग त्यानं माफ कर म्हणून फोन ठेवला. संध्याकाळी जेवताना तो म्हणाला, आज लाइन फार खराब होती. बाई म्हणाल्या, तारा जुन्या झाल्यात. पुढं त्या बाईचा फोन सहा वेळा आला असेल, आणि सहाही वेळा तारा जुन्याच होत्या. नंतर आला नाही. नवरा आणखी चोवीस वर्षं जगला आणि त्या चोवीस वर्षांत त्यानं कबुतराचं नाव घेतलं नाही. बाई वाट पाहत होत्या. एकदा तर त्यांनी स्वतःहून विचारलं होतं, तुमच्या कचेरीच्या खिडकीवर पाखरं येतात का हो? तो म्हणाला होता, खिडकी बंद असते.

सोमवारी सकाळी वायरवाला आला. धाकटीनं शनिवारपासून कंपनीला अकरा फोन केले होते, तेव्हा कुठं. दाराची घंटा वाजली आणि धाकटी दार उघडायला गेली तेवढ्यात बाईंनी स्वयंपाकघरात पट्टी पुढं ओढली, अगदी टोकापर्यंत. वायरवाला "आई गं" म्हणत स्टुलावर टेकला, त्यानं धाकटीच्या मशीनवर वेग मोजला, पुन्हा मोजला. मशीन घोड्यासारखं धावत होतं. तो म्हणाला, ताई, माझ्यासमोर तर झकास चाललंय. धाकटी म्हणाली की आत्ता, अर्ध्या तासापूर्वी, एक फाइल उतरत नव्हती. तिनं वहीत लिहून ठेवलेले आकडे दाखवले. दिवस, वेळ, वेग, सहा पानं. तो वही पाहत राहिला, मग धाकटीकडे, मग बाईंकडे, आणि त्याच्या चेहऱ्यावर ती मऊ, सांभाळून घेणारी हसरी घडी आली जी माणसं वेड्यांसमोर आणि लहान मुलांसमोर चढवतात. बाईंनीही तीच घडी आपल्या चेहऱ्यावर चढवली आणि त्याला चहा दिला. मग, धाकटी समोर बसलेली असताना, ती तिथं नसल्यासारख्या त्या त्याच्याशी बोलल्या, की हिला हल्ली झोप नीट लागत नाही, दिवसभर त्या पडद्यापुढं असते, घर सोडून आली तेव्हापासून जरा जरा गोष्टी मनाला लावून घेते. वायरवाल्यानं मान हलवली. त्याच्या मेव्हणीचंही असंच झालं होतं. धाकटीनं वही मिटली. तिच्या मानेवर, कानाखाली, लाल चट्टे उठले होते. लहानपणी शाळेत उभं केलं की उठायचे तसे. ती म्हणाली, "आई, मी इथं बसले आहे." एवढंच. वायरवाला जिना उतरून गेला, त्याच्या अधू पायाचा आवाज तळमजल्यापर्यंत बाईंनी ऐकला, आणि मग पट्टी पुन्हा मागं ओढली.

त्यानंतर धाकटीनं काही खटपट केली नाही. बाईंना वाटलं, दमली. बुधवारी दाताच्या डॉक्टरकडे जाते म्हणून चांगले कपडे घालून गेली आणि तीन तासांनी आली. जेवताना ती दोन्ही बाजूंनी चावत होती, हे बाईंनी पाहिलं आणि सोडून दिलं. त्यांचं सगळं लक्ष शुक्रवारकडे होतं. मनात त्यांनी बेत केला होता की मुलाखत पार पडली, म्हणजे फसली, की चार दिवसांनी पट्टी पुढं करायची. मग सगळं पहिल्यासारखं. मुलीचं नुकसान व्हावं असं त्यांना वाटत नव्हतं. असं कुठल्या आईला वाटतं? तिनं फक्त असावं. शेजारच्या खोलीत तिच्या बोटांचा टपटप आवाज असावा, दिवसातून दोनदा तिनं भांड्यांवरून कुरकुर करावी. थोरली गेली तेव्हा बाई नोकरीत होत्या, दालनात चौदा मुली होत्या, त्यामुळं कळलं नाही. धाकटी परत आली त्या महिन्यातच नोकरी संपली. धाकटीचं लग्न मोडलं ह्याचं बाईंना जगासमोर दुःख झालं होतं, आणि त्या दुःखाच्या तळाशी, साखर न ढवळलेल्या चहाच्या तळाशी असते तशी, एक गोडी होती. ती त्यांनी कधी ढवळली नाही.

शुक्रवारी अकराला धाकटीनं केस विंचरले, निळा कुडता घातला, दार लोटलं. पूर्ण बंद केलं नाही. बाई स्वयंपाकघरात स्टुलावर बसल्या. समोर बटाटे, हातात फोन, फोनवर ती यादी. पहिली दोन मिनिटं धाकटीचा आवाज ठीक होता, नमस्कार, माझं नाव, माझा अनुभव. मग सुरू झालं. "ऐकू येतंय का? माफ करा, तुमचं चित्र थांबलंय. मी पुन्हा सांगते." पुन्हा सांगितलं. "नाही, अकरा वर्षं. अ-क-रा. माझा आवाज येतोय का?" बाईंचा अंगठा पट्टीच्या गोळ्यावर होता. गोळा अंगठ्याखाली किंचित उबदार झाल्यासारखा वाटत होता. नुसतं उजवीकडे सरकवायचं. कुणाला कळलं नसतं. धाकटीचा आवाज चढला, तो अगदी त्याच जागी चढला जिथं तिच्या बापाचा चढला होता, आणि मग चिरकला. "एक मिनिट द्या मला, कृपा करून एक मिनिट." त्यांनी डोळे मिटले आणि त्यांना स्वच्छ कळलं की त्यांना हे थांबवायचं नाही. भीतीपोटी नाही, एकटेपणापोटीही नाही. ते सगळं होतं, पण ह्या घटकेला त्यातलं काही नव्हतं. ह्या घटकेला नुसता कान होता आणि दोरी होती, आणि पलीकडे कुणीतरी ऐकू यावं म्हणून जिवाच्या आकांतानं ओरडत होतं. वीस मिनिटं ते चाललं. शेवटी धाकटी म्हणाली, "माफ करा," आणि खुर्ची सरकल्याचा आवाज आला. बाईंनी फोन पदराखाली घेतला आणि बटाटे सोलायला लागल्या. धाकटी आली, तिनं तोंडावर पाणी मारलं, टॉवेलनं पुसलं, आणि बराच वेळ टॉवेल चेहऱ्यावर तसाच धरून उभी राहिली. बाई म्हणाल्या, जाऊ दे गं, आपल्या नशिबात नव्हतं. टॉवेलाआडून धाकटी म्हणाली, हो.

शनिवारी सकाळी साडेनऊला बाई भाजी घेऊन आल्या तेव्हा दारात दोन बॅगा होत्या. धाकटी खुर्चीवर बसून बुटाची नाडी बांधत होती. टेबलावर कॉम्प्युटर तसाच होता. बाईंना आधी वाटलं की ही रागानं मैत्रिणीकडे चाललीये, चार दिवस. त्यांनी तसं विचारलंही. धाकटीनं दुसऱ्या बुटाची नाडी बांधली.

"नोकरी मिळाली आई. बुधवारीच मिळाली. मी त्यांना मुलाखत दोन दिवस अलीकडे घ्यायला सांगितली आणि मैत्रिणीच्या घरून दिली. दात माझे चांगले आहेत."

बाई पिशवी हातात धरून उभ्या राहिल्या. मग कालचं काय, असं त्या म्हणाल्या, किंवा म्हणाल्या असं त्यांना वाटलं.

"काल समोर कुणी नव्हतं. रिकामा पडदा होता. मी एकटीच बोलत होते." धाकटीचा आवाज अगदी सपाट होता. "वायरवाला आला आणि सगळं चालायला लागलं, तो गेला आणि बंद पडलं. मग मी बसून विचार केला की तो असताना घरात काय वेगळं होतं. काहीच नव्हतं. वायर तीच, मशीन तेच. म्हणजे कुणीतरी घरातलंच. त्या पेटीच्या तळाशी पासवर्ड चिकटवलेला आहे. आत गेले तर सगळं लिहिलेलं होतं, कुठल्या फोनवरून, कुठल्या दिवशी, किती वाजता. मंगळवार, चार दहा. मी अंघोळीला गेले होते."

मग तुला काढता आलं असतं, बाई म्हणाल्या. ह्या वेळी नक्की म्हणाल्या. एखाद्या मुलीची चूक दाखवावी तसा त्यांचा आवाज निघाला.

"आलं असतं. पण मला बघायचं होतं. मला वाटलं, एवढं ऐकल्यावर तरी तू काढशील. पाच मिनिटांत काढशील, दहा मिनिटांत काढशील. ती यादी माझ्यासमोर उघडी होती आई. मी ओरडत होते आणि त्या ओळीकडे बघत होते, हलते का." ती उठली. "वीस मिनिटं बघितली. मग घसा दुखायला लागला."

बाईंना काहीतरी बोलायला हवं होतं. रडावं, छातीवर हात ठेवून बसावं, मी आई आहे तुझी म्हणावं. हे सगळे मार्ग त्यांना दिसत होते, बोर्डावरच्या दिव्यांसारखे, आणि त्यातला एकही त्यांच्या हाताला लागत नव्हता. पण त्यांच्या छातीत जे खरोखर वर आलं ते पश्चात्तापाचं नव्हतं. ते कौतुक होतं. रिकाम्या पडद्यासमोर वीस मिनिटं, आवाज चिरका करून, एकदाही न हसता. चौदा मुलींत अशी एक मिळाली नव्हती. सबंध आयुष्य ही बापावर गेली असं समजून त्यांनी हिच्याकडे जरा वरूनच पाहिलं होतं, आणि ही तर त्यांचीच निघाली, हाडामांसाची त्यांचीच, आणि निघाली ती नेमकी निघताना. त्या एकदम म्हणाल्या, "तुला मी माझ्या बोर्डावर घेतली असती."

धाकटीनं त्यांच्याकडे पाहिलं. आतापर्यंत तिच्या चेहऱ्यावर राग होता, दमणूक होती, एक काहीतरी थांबलेलं होतं, अजूनही वाट पाहणारं. ते गेलं. बाईंनी जाताना पाहिलं ते. दिवा विझल्यावर काच तीच असते, पण मागं काही नसतं, तसं. "मला ठाऊक आहे," ती म्हणाली, "म्हणूनच चाललेय." तिनं दोन्ही बॅगा उचलल्या. बाई एक घ्यायला पुढं झाल्या तर ती म्हणाली, राहू दे, आणि बॅग भिंतीला लागू न देता, रंग सांभाळून, दाराबाहेर काढली.

जिन्यावर समोरच्या बिऱ्हाडातली मास्तरीणबाई उभी होती. धाकटीची बॅग खालच्या वळणावर दिसेनाशी होईपर्यंत तिनं मान लांब केली आणि मग हळूच विचारलं, लेक कुठं निघाली? बाई दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या, भाजीची पिशवी अजून हातात. नोकरी लागली, त्या म्हणाल्या. फार मोठी, परगावी. ती तयार नव्हती हो, आईला एकटं टाकून कशी जाऊ म्हणत होती, आठ दिवस नुसती रडत होती. मीच म्हटलं, माझी काळजी करू नकोस, माझं मला करता येतं. मागं लागून लागून पाठवली. मास्तरीणबाईचे डोळे भरून आले. तुमच्यासारखी आई मिळायला नशीब लागतं, ती म्हणाली. माझी सासू असती तर पायात पाय घातला असता. बाई म्हणाल्या, असतात काही काही बायका तशा. आणि हे म्हणताना त्यांचा आवाज इतका स्वच्छ होता, इतका गोड आणि बारीक भरून आलेला, की त्यांना स्वतःलाच पुढचं ऐकावंसं वाटलं, आणि त्या बोलतच राहिल्या, पहिल्या रात्री मुलीच्या उशाशी बसून तिला कसं समजावलं ते, तिनं पाया पडताना कशी मिठी मारली ते. खाली रस्त्यावर टॅक्सीचं दार लागल्याचा आवाज आला. मास्तरीणबाई म्हणाली, खिडकीतून हात तरी करा तिला. बाई म्हणाल्या, हो करते की, आणि तिथंच उभ्या राहून पुढचं वाक्य बोलायला लागल्या.